पोरीला बाजारात का फिरवतात?

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून जनसंवाद विषयात एम.ए. करते, दुसरं वर्ष आहे. दर शनिवारी नागपूरहून एक सर शिकवायला येतात. ते स्वतः एका कंपनीत जनसंपर्काचं काम करतात. पुस्तक फारसं उघडत नाहीत. मुलांना आठवडी बाजारात पाठवतात, प्रेसनोट लिहायला लावतात, ऑफिसांना फोन करायला लावतात. मुलीला त्यांनी बाजारात शेतकऱ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगितला: फवारणीच्या औषधाच्या डब्यावरच्या रंगाचा अर्थ काय? तिनं लिहून आणलेला कागद सरांनी तीनदा परत केला. वडील लिहितात, ‘मी पोरीले शिकाले पाठवलं अन् हे सर तिले बाजारात फिरवून रायले. परीक्षा दोन महिन्यांवर आली. हे सोडून बी.एड. कर म्हणू का?’

भाऊ, नमस्कार.

बी.एड.चं आधी सांगते, ते लवकर आटोपेल. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे. आधी प्रवेश परीक्षा, नंतर शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा निघण्याची वाट. शिवाय शाळेत कोणता विषय शिकवायचा ते तिच्या बी.ए.च्या विषयांवरून ठरेल, या एम.ए.चा तिथं फारसा उपयोग नाही. तिला शिकवण्याची ओढ असेल तर जरूर करू द्या. पण तिची इच्छा काय आहे, याबद्दल तुमच्या दोन पानी पत्रात एक ओळ नाही. तेवढं तिला विचारा.

आता बाजाराचं. तो डबा तुमच्याही घरी असेल, एकदा हातात घ्या. लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर ते औषध सर्वांत विषारी, पिवळा असेल तर त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे तुलनेनं कमी. कमी म्हणजे बिनविषारी नव्हे. तुमच्या मुलीला बाजारात काही जणांनी सांगितलं की हिरवा म्हणजे पिकाच्या पानाला चालणारं औषध. तुम्ही हे पत्रात सहज लिहून गेलात, पण मी तिथं थांबले. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती, सगळा दोष लेबलवर टाकता येणार नाही. पण माहिती डब्यावर छापलेली असूनही फवारणाऱ्या मजुरापर्यंत पोचत नाही, ही गोष्ट खरी आहे. अक्षर बारीक, भाषा परकी, आणि डबा वावरात पोचेपर्यंत माहितीचा कागद दुकानातच राहून गेलेला.

छापलेलं आणि पोचलेलं यातलं अंतर कमी करणं, हेच जनसंपर्काचं काम आहे. त्यासाठी आधी समोरच्याला काय कळलंय ते विचारावं लागतं. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? समोर बसलेल्यांना साधे प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे आणि तिथून पुढं बोलायचे. शेंडगावच्या या माणसाच्या हातात छापील कागद नव्हता, तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात बात शिरायची. सर तिला बाजारात पाठवून हेच शिकवत आहेत, असं मला वाटतं.

आणि कागद तीनदा परत आला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी चौदा वर्षं एका रुग्णालयात हेच काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत नेत्रशिबिराची प्रेसनोट लिहिली होती, त्यात ‘येत्या रविवारी’ असं लिहिलं. तारीख घातली नाही. पेपरात ती नोट तीन दिवस उशिरा, सोमवारी छापून आली. पुढच्या रविवारी खेड्यांतून म्हातारी माणसं एसटीनं आली, कुणी नातवाचा हात धरून आलं, आणि शिबिर आठवडाभर आधीच होऊन गेलेलं. एक आजी पायरीवर बसून राहिल्या, त्या अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत. माझा कागद कुणी एकदा जरी परत केला असता तर त्यांची ती चक्कर वाचली असती. तेव्हापासून तारीख, वार, वेळ आणि जागा लिहिल्याशिवाय मी कागद हातावेगळा केला नाही.

असे बारकावे पुस्तकात सापडत नाहीत. प्रेसनोट युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या मराठी अक्षरांत, टाइप करून पाठवली तर उपसंपादकाला ती सरळ उचलता येते. कागदाचा फोटो पाठवला तर त्याला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, आणि रात्री पानं लागायच्या घाईत तो ते करत नाही. फोटोसोबत डावीकडून कोण कोण उभं आहे ते लिहायचं. तालुक्याच्या बातमीदाराला दुपारी फोन करायचा, संध्याकाळी नाही. फोनवर पहिल्या दोन वाक्यांत आपण कोण आणि काम काय ते सांगायचं. अनोळखी साहेबाला फोन लावताना गावाकडच्या मुलींचा आवाज कापतो, माझाही कापायचा. दहा-वीस फोन केल्यावर तो स्थिर होतो, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

पण सरांशी मी सगळ्याच बाबतीत सहमत नाही. बाजारात पाठवायचं तर मुलींना दोघी-दोघींनी पाठवावं, विभागाचं पत्र हातात द्यावं आणि शेवटच्या एसटीच्या बऱ्याच आधी काम संपेल असं बघावं. तुम्ही ही मागणी करा, वडील म्हणून तो तुमचा हक्क आहे. परीक्षेबद्दलही तुमचं म्हणणं बरोबर आहे. एम.ए. अडलं तर पुढं बरंच काही अडेल. तिनं सरांना सांगून पुढचे काही शनिवार पेपरांसाठी मागून घ्यावेत. आणि लेबलचं काम लघुशोधप्रबंधाला धरता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारावं. धरता आलं तर एकाच कष्टात दोन कामं होतील.

नोकरीचं विचारलंत. गावात बसून लगेच काही मिळेल असं मी म्हणणार नाही. पहिली नोकरी बहुतेक नागपूरला, पगार बेताचा आणि खोलीचं भाडं वेगळं. पण वाटा आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफा-उलाढालीच्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातला किमान २ टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा, सिमेंट, वीज यांच्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांचं गावातलं काम गावकऱ्यांच्या भाषेत समजावणारा आणि त्याचा अहवाल इंग्रजीत लिहिणारा माणूस त्यांना लागतो. महावितरणमध्ये जनसंपर्क अधिकारी असतात. शासनाचं जिल्हा माहिती कार्यालय आहे, रुग्णालयं आहेत, शेतीवर काम करणाऱ्या संस्था आहेत. सरकारी पदांची जाहिरात आली की पात्रता शब्दन् शब्द वाचावी, पत्रकारितेची पदवी-पदविका कोणती चालते ते तिथंच लिहिलेलं असतं. नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्या कोर्सला मात्र एक रुपयाही देऊ नका.

इंग्रजी कच्चं आहे म्हणालात. फाडफाड बोलता येण्याची आत्ता गरज नाही. कामाचा ई-मेल बिनचूक लिहिता आला आणि एक पानाचा अहवाल जमला, तरी सुरुवातीला पुरतं. रोज एक मराठी बातमी तिनं इंग्रजीत पाच ओळींत लिहावी. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत एक फाईल न्यावी: छापून आलेल्या नोटांची कात्रणं, बाजारातल्या प्रश्नांचा कागद, आणि तो परत येत येत कसा सुधारला त्याच्या तिन्ही प्रती. मी उमेदवार निवडायला बसायचे तेव्हा अशी फाईल आधी उघडायचे.

ती घरी आली की लेबलबद्दलचा तो कागद मागून घ्या आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. फवारणी तुम्ही करता. वाचताना जिथं अडाल, तिथं पेन्सिलीनं खूण करून कागद तिच्या हातात द्या.