सातवी-आठवीला समुद्र शिकवताना

मॅडम, पहिलंच वर्ष आहे ना, मग सगळं एकदम शिकवायला जाऊ नका. सोलापुरातल्या बऱ्याच पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो, म्हणून आधी लाट. अख्खा तास त्यालाच द्या. घमेल्यात पाणी घ्या, मधोमध थर्माकोलचा तुकडा सोडा, कडेला बोटाने टिचकी मारा. लाट पुढे सरकते, तुकडा जागच्या जागी वर-खाली होतो. लाटेबरोबर पाणीच लांबवर जातं, हा गैरसमज इथंच मोडतो. बाक हलवणाऱ्याला मागे बसवा, नाहीतर प्रयोग गेला!

मग एवढंच:

- प्रवाहात पाणी खरंच वाहतं. नावं पाठ करून घेऊ नका, नकाशावर बोट फिरवू द्या. उष्ण गल्फ स्ट्रीम आणि थंड लॅब्राडोर हे प्रवाह कॅनडाच्या पूर्वेला न्यू फाउंडलंडजवळ भेटतात, दाट धुकं पडतं. ही जोडी पुरे.
- त्सुनामी वाऱ्याने येत नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंपाने समुद्रतळ उचलला गेला. खोल समुद्रात वेग ताशी ७००-८०० किमी, उंची जेमतेम हात-दीड हात. किनाऱ्याशी वेग घटतो, उंची वाढते.

कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह वळतात ते) वगैरे पुढे कधीतरी.

"सोलापूरला त्सुनामी येईल का?" हे हमखास विचारतील. हसण्यावारी नेऊ नका. समुद्रापर्यंतचं अंतर नकाशात मोजायला लावा, आणि आपण सुमारे ४५० मीटर उंचीवर आहोत हेही सांगा.