डिजिटल लावण्याआधी

सोलापूर

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. गाइड घेऊन केलेली चढाई खरी म्हणायची का, हा तुझा पहिला प्रश्न, आणि लडाखचं कांग यात्से शिखर करून परत आल्यावर चौकात डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा मोठा फलक, लावू द्यायचं का, हा दुसरा. ‘पैसे टाकले की कुणीही जातं’ हे कुणाचं तरी बोलणं तुला फार लागलेलं दिसतंय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते लागलं.

आधी गाइडचं बोलू. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. बर्फ राहू दे, धड कडा बघायचा तरी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठावं लागतं. अशा गावातल्या मुलीने बर्फावरचं पहिलं पाऊल जाणत्या माणसाच्या मागे टाकलं, तर त्यात लाजायचं काय? आल्प्समधल्या शामोनी गावात गाइडांची संघटना १८२१ सालीच उभी राहिली. त्या शतकातले नावाजलेले ब्रिटिश गिर्यारोहकसुद्धा बहुतेक वेळा स्थानिक गाइडांबरोबरच चढत. नेपाळने तर २०२५ मध्ये नियमच केला की आठ हजार मीटरवरच्या शिखरांवर दर दोन गिर्यारोहकांमागे निदान एक गाइड हवा. तेव्हा गाइड घेतला म्हणून चढाई खोटी, हे मनातून काढून टाक.

पण १८६५ ची आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची चढाई नीट समजून घे. व्हिम्पर या ब्रिटिश गिर्यारोहकाच्या सात जणांत तीन गाइड होते. शिखर सर झालं. उतरताना हॅडो नावाचा नवखा तरुण घसरला तो थेट मिशेल क्रोच्या अंगावर. क्रो कसलेला गाइड. पण त्या धक्क्याने त्याचाही तोल गेला, एका दोरीतले आणखी दोघे ओढले गेले, मध्येच दोर तुटला आणि चौघे गेले. क्रोची त्यात काय चूक होती? मला कुणी सांगितलं की अमुक मोहिमेला गाइड होता, तर मी नाक मुरडत नाही. मी एवढंच विचारतो, की तुझ्यामुळे त्या गाइडच्या जिवाला किती घोर होता?

हे कसं ओळखायचं ते सांगतो. फिक्स रोपवर, म्हणजे आधीच लावून ठेवलेल्या दोरावर, चढताना ठरावीक अंतरावर अँकर, म्हणजे दोर डोंगराला बांधलेली जागा, येते. तिथे दोर गाठीने पक्का केलेला असतो आणि जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, ती गाठ ओलांडत नाही. आधी सेफ्टीचा कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, काढून गाठीपलीकडच्या दोरात टाकायचा. त्याचं गेट बंद झालं का ते बघायचं. मगच जुमार सोडवून पुढे लावायचा. दोन्ही एकाच वेळी सुटे, असं एक क्षणही व्हायला नको. घरात पंख्याखाली हे दहा सेकंदांचं काम आहे. पहाटे तीन वाजता, जाड हातमोज्यांत बोटं बधिर झालेली, हेडलॅम्पच्या उजेडात आपलाच श्वास वाफेसारखा समोर येतोय आणि खाली चारजण खोळंबलेत, अशा वेळी ते तुला कुणाच्या मदतीशिवाय जमलं पाहिजे. दर अँकरला शेर्पा येऊन तुझा कॅरॅबिनर बदलून देणार असेल, तर तेवढा वेळ तो स्वतःकडे लक्ष देऊ शकत नाही.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा एकटा दिसतो, पण भोवती सांभाळणारे किती असतात ते आपण लहानपणापासून बघतोय. त्यांच्यामुळे पेलणाऱ्याचा मान कमी होत नाही. मात्र आधी सराव केल्याशिवाय कुणी त्याला हातही लावत नाही.

म्हणून माझं ऐक. उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंग, कुठलाही चालेल, पण आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स कर. साधारण चार आठवडे जातील, सुट्टीसाठी साहेबांची बोलणी खावी लागतील. पण ‘ए’ ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्सचा रस्ता उघडतो. कांग यात्से कुठे पळून जात नाही.

आता डिजिटलचं. मी प्रसिद्धीच्या विरुद्ध नाही. तुझ्या गल्लीतल्या लोकांनी पाचशे-हजार करून वर्गणी दिली आहे, त्यांना हिशेब आणि हकिगत दोन्ही कळायला हवं. चौकातला फोटो बघून एखादी मुलगी घरी हट्ट धरणार असेल, तर मला आनंदच आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. फलकावर शुभेच्छुक नेत्यांचे बारा चेहरे, आणि जो तुझ्या पुढे बर्फ फोडत गेला त्याचं नावसुद्धा नाही, हे मला बघवत नाही. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू आइसफॉलवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. इतरांच्या मोहिमांचं सामान आणि वाट त्यांच्या जिवावर चालली होती. त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्या गावात कुणाला ठाऊक आहे का?

१९५३ मध्ये एव्हरेस्टवर काढलेला तो प्रसिद्ध फोटो तेनझिंगचा आहे. तो हिलरीने काढला. हिलरीचा स्वतःचा शिखरावरचा फोटो नाही. आधी पाय कुणी ठेवला यावरून केवढं काहूर उठलं, पण दोघांनी ‘आम्ही बरोबरच पोचलो’ एवढंच सांगितलं. पुढे १९५५ मध्ये तेनझिंगनेच लिहून टाकलं की पहिलं पाऊल हिलरीचं होतं. लोकांना जे ऐकायचं होतं ते न सांगता, घडलं ते त्याने सांगितलं. आणि आपल्याच राज्यात २०१६ मध्ये काय झालं? पुण्याच्या एका पोलीस दांपत्याने दुसऱ्यांच्या फोटोंत फेरफार करून एव्हरेस्टचा दावा केला आणि नेपाळने त्यांना दहा वर्षं बंदी घातली. इतकी उघड लबाडी क्वचितच होते. जास्त वेळा होतं ते अर्धवट सांगणं. नेपाळमधल्या मनास्लू शिखरावर वर्षानुवर्षं बहुतेक लोक अलीकडच्या टोकावरच थांबून शिखर झालं म्हणत होते. २०२१ मध्ये ड्रोनमधून काढलेला फोटो आला आणि खरं टोक पुढे आहे हे सगळ्यांना दिसलं.

तेव्हा फलक लाव, पण आल्यावर. जाण्याआधी ‘शिखर सर करण्यास निघालेल्या’ असलं काही नको. हलगी आणि फेटा ठरलेला असला की माघारी फिरायची वेळ उलटून गेली तरी पाय मागे वळत नाहीत. वर्गणी देणाऱ्यांना आजच सांगून ठेव, की पैसे प्रयत्नासाठी आहेत, हवा बिघडली तर मी शंभर मीटर खालून परत येईन. ज्याला हे पटत नसेल त्याचे पैसे नम्रपणे परत कर. ‘जिल्ह्यातील पहिली’, ‘सर्वांत तरुण’ हे शब्द कुणी आग्रहाने घातले तर खोडायला लाव. त्यांची शहानिशा कुणी करत नाही. त्याऐवजी शिखराचं नाव, उंची, मार्ग, तारीख लिही. दोर कुणी लावले, गाइड कोण होता, सामान कुणी वाहिलं, हे त्यांना विचारून नावानिशी लिही. वर पोचली नाहीस तर कुठवर गेलीस तेही लिही.

मजकूर छापायला देण्याआधी मला दाखव. आणि येत्या रविवारी सकाळी सहाला घरी ये, कमरेचा हार्नेस, जुमार आणि तुझ्याकडचे सगळ्यांत जाड हातमोजे घेऊन. जिन्याच्या कठड्याला दोर बांधून ठेवतो. डोळे मिटून अँकर ओलांडता येईपर्यंत तुला सोडणार नाही, तेव्हा आईला सांगून ये की नाश्ता माझ्याकडेच आहे.

तुझा,
काका