लगद्याच्या दुरडीला तडे का जातात?

प्रश्न : महालक्ष्म्यांच्या सजावटीसाठी रद्दीच्या लगद्याच्या दोन दुरड्या केल्या. एकीला तडे गेले, दुसरीला आतून बुरशी आली. काय चुकलं? (वाचक, परभणी)

उत्तर : तडे गेले ते बहुधा साच्यामुळे. पालथ्या पातेल्यावर थापलेला लगदा वाळताना आकसतो, पातेलं काही आकसत नाही. मग तो ताणून फाटतो. पातेल्यावर आधी ओलं फडकं घाला आणि दुरडी अर्धवट वाळून बोटाने दाबली तरी आकार धरू लागली, की अलगद उतरवा. पुढचं वाळवणं साच्याबाहेर. पहिला दिवस सावलीतच. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर तासाभरात कडक होतो नि आतला ओलाच राहतो.

नऊ इंची दुरडीला पाव किलो वर्तमानपत्र पुरे. गुळगुळीत, चकचकीत पानं वगळा, त्यांचा लगदा नीट होत नाही. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा; फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत गुंततात. दोन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, घट्ट पिळा. रात्रभर भिजवलेल्या ५० ग्रॅम मेथ्या वाटून त्यात मळा. थर सगळीकडे अर्धा सेंटिमीटर, बुडाला जाड नको.

बुरशी येते ती ओल कोंडल्याने. भाद्रपदाच्या दमट हवेत थापायला बसलात तर ती येणारच! वैशाखातच करून ठेवा. कणकेची खळ वापरली असेल तर धोका आणखी वाढतो. रंग दुरडी पूर्ण वाळल्यावरच द्या. हाताला गार लागली म्हणजे आत ओल आहे.