प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते

ताई, तुमच्या पीनट बटरच्या एकाच लॉटमधल्या दोन बरण्या दोन प्रयोगशाळांत गेल्या. एकीने 100 ग्रॅमला 26 ग्रॅम प्रोटीन दिलं, दुसरीने 22.7. कोण खोटं, असं तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं अन्नतपासणीत काढली. माझ्या मते कोणीच खोटं नाही. 26 ला 6.25 ने भागा, 4.16 येतं. 22.7 ला 5.46 ने भागा, पुन्हा 4.16! हा बहुतेक गुणकाचा, म्हणजे नायट्रोजनवरून प्रोटीन काढायला ज्या आकड्याने गुणतात त्याचा फरक आहे.

पुष्कळ ठिकाणी अजून केल्डाल पद्धतच चालते. योहान केल्डाल यांनी ती 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअरच्या धान्यासाठी बसवली. नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये 400 अंशांच्या आसपास तापवतात. काळा लगदा हळूहळू निवळतो आणि सगळा नायट्रोजन अमोनियम सल्फेटमध्ये उतरतो. मग कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा, बोरिक ॲसिडमध्ये पकडायचा आणि टायट्रेशन करायचं, म्हणजे ठरावीक ताकदीचं ॲसिड थेंबथेंब घालून तो किती आहे ते मोजायचं. हिरवा रंग एका थेंबाने गुलाबी होतो तो क्षण मला आजही आवडतो. पण हातात येतो तो फक्त नायट्रोजन. प्रोटीनमध्ये सरासरी 16 टक्के नायट्रोजन धरून त्याला 6.25 ने गुणतात. शेंगदाण्याच्या प्रोटीनमध्ये नायट्रोजन जास्त असतो, म्हणून त्याचा गुणक 5.46. दुधाचा 6.38, तांदळाचा 5.95.

याच फटीतून भेसळ शिरते. मेलामाइन या प्लॅस्टिकसाठीच्या रसायनात जवळजवळ 67 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर चार ग्रॅमहून जास्त प्रोटीन दिसतं. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेलं दूध असं सजवलं गेलं. जवळपास तीन लाख बाळं आजारी पडली, सहा गेली. प्रोटीन पावडरीत ग्लायसिन हे स्वस्त अमिनो ॲसिड घालण्यामागेही हेच गणित. अशा शंकेला अमिनो ॲसिड प्रोफाइल, म्हणजे कोणतं अमिनो ॲसिड किती आहे याची तपासणी, करावं लागतं. तुमच्या घरच्या दाण्यांसाठी तो खर्च करू नका.

दोन्हीकडे फोन करून नायट्रोजनचा टक्का आणि वापरलेला गुणक लेखी मागा. आकडा नमुना आहे तसाच धरून काढला की पाणी वगळून कोरड्या वजनावर, तेही विचारा. लेबलसाठी कोडेक्सचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांचा, सर्वसाधारण गुणक 6.25 आहे, त्या पदार्थाला वेगळा ठरवून दिला नसेल तर. म्हणून 26 छापणं ही लबाडी नाही. तरी जो गुणक धराल तोच प्रत्येक लॉटला धरा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बरणी देताना ढवळली होती का? वर तेल तरंगतं. तिथून चमचा घेतला तर प्रोटीन कमी येणारच, कितीही भारी यंत्र असो. आमच्याकडे एकदा असा नमुना आला होता. दोन वेळा तपासला, दोन उत्तरं. शेवटी बरणी कोमट पाण्यात ठेवून तळापर्यंत ढवळली तेव्हा आकडे जुळले. पुढच्या वेळी नमुना एकाच भांड्यात नीट घोटून मगच दोन बरण्यांत भरा.

नायट्रोजनचे आकडे मिळाले की इथेच टाका, मी बघते.