दूतावासाचा भाडेपट्टा आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : माझे गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने रशियन दूतावासाच्या जागेचा भाडेपट्टा सुरक्षेच्या कारणावरून संपवला, हे प्रकरण वाचल्यापासून तिला ‘अशा प्रकारच्या कामात’ जायचे आहे. नातेवाईक म्हणतात, दिल्लीला यूपीएससीच्या क्लासला पाठवा. असे करिअर खरोखर असते का? कोल्हापुरात राहून तयारी होईल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

करिअर निश्चितच आहे; मात्र ते कोणत्या दाराने सुरू होते, हे त्या प्रकरणातच शोधावे लागेल. बातमीत हेरगिरीचा संशय आणि राजनैतिक ताण ठळक दिसतो, पण प्रत्यक्षात पंधरा-सतरा वर्षे चाललेले ते काम मुख्यतः भाडेपट्ट्याच्या कलमांचे होते.

कॅनबेरात संसद भवनापासून सुमारे 400 मीटरवर असलेला हा भूखंड रशियाला 2008 मध्ये भाडेपट्ट्याने मिळाला. ठरलेल्या मुदतीत बांधकाम पुरे करण्याची अट पाळली नाही, असे कारण देऊन तेथील राजधानी प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये पट्टा रद्द केला. आपला स्वतःचा प्लॉट एमआयडीसीचा असल्याने बांधकामाची मुदत, बीसीसी (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) आणि प्लॉट परत घेण्याची नोटीस यांचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. मुलीला घरातले लीज डीड एकदा वाचायला द्या, निम्मे प्रकरण तिला तिथेच समजेल.

पुढे 31 मे 2023 रोजी फेडरल कोर्टाने प्राधिकरणाची ती कारवाई अवैध ठरवली. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, 15 जून रोजी, संसदेने केवळ या एका भूखंडासाठी कायदा केला आणि दोन्ही सभागृहांनी तो एकाच दिवशी मंजूर केला. पंतप्रधान अल्बनीज यांनी या वेळी संसदेच्या सान्निध्यात असे बांधकाम नको, या सुरक्षा यंत्रणांच्या सल्ल्याचा उघड आधार घेतला; दूतावासाचे ग्रिफिथ भागातले जुने ठिकाण मात्र तसेच राहिले. कायदा झाल्यावरही एक रशियन अधिकारी त्या मोकळ्या जागेवरील छोट्या केबिनमध्ये मुक्काम ठोकून होता आणि बाहेर पोलीस नुसते पाहत उभे होते, कारण 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. 26 जूनला तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हायकोर्टाने रशियाने मागितलेला तातडीचा मनाई हुकूम देण्यास नकार दिला, तेव्हा तो निघून गेला. अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण मालमत्ता घेतल्याबद्दल न्याय्य भरपाई द्यावी लागेल, असेही सांगितले. म्हणजे सुरक्षेचे कारण मान्य झाले तरी पैशांचा हिशेब टळला नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच आहे.

या साखळीत राजदूत फार थोडे दिसतात. पट्टा तपासणारे, विधेयकाचा मसुदा रातोरात लिहिणारे, राज्यघटनेचे कलम पुढे करणारे आणि करारातील शब्द लावून दाखवणारे सगळे कायद्याचे लोक आहेत. म्हणून दिल्लीच्या क्लासचा सल्ला मला आत्ता पटत नाही. नागरी सेवा परीक्षेला पदवी आणि किमान 21 वर्षे वय लागते. तोवर हाताशी एक भक्कम विद्या असावी आणि ती कायद्याची असावी. परराष्ट्र सेवेत निवड झाली तर ती उपयोगी पडेल, न झाली तरी वर्षे वाया जाणार नाहीत. शिवाय परराष्ट्र मंत्रालयाचा स्वतंत्र विधी व करार विभाग आहे, हे बहुतेक पालकांना माहीतच नसते.

बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक विधी अभ्यासक्रम घ्यावा. सायन्सची पार्श्वभूमी त्याच्या आड येत नाही. राज्याची सीईटी आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) या दोन्ही परीक्षा द्याव्यात. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळाला तर उत्तमच, परंतु तेथील शुल्काचा विचार आधी करा. कर्ज काढून कोणत्याही दूरच्या खासगी विद्यापीठात पाठवण्यापेक्षा शहाजी विधी महाविद्यालय मी केव्हाही पसंत करेन. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, त्यामुळे भूसंपादनाच्या आणि शासकीय भाडेपट्ट्यांच्या याचिकांवरील युक्तिवाद ऐकण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज आता उरलेली नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकता येते. पहिल्या वर्षापासून तिने ती जरूर घ्यावी. आंतरराष्ट्रीय कायद्यातील पदव्युत्तर शिक्षणासाठी जेएनयूसारख्या संस्थेचा विचार पाच वर्षांनी करता येईल.

एक शंका मात्र मनात आहे. तिला त्या प्रकरणातले नाट्य आवडले की कागद, हे आपल्या पत्रावरून कळत नाही. सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वी तिला व्हिएन्ना कराराची 21 आणि 22 ही कलमे वाचायला सांगा. यजमान देशाने दूतावासाला जागा मिळवून देण्यास मदत करावी, असे पहिले कलम सांगते आणि दूतावासाचे आवार अनुल्लंघनीय आहे, असे दुसरे. बांधकामच न झालेला भूखंड या ‘आवारात’ मोडतो का, यावर तिने दोन्ही बाजूंनी दोन पाने मराठीत लिहावीत. लिहिताना ती रमली तर अर्ज भरा; दुसऱ्या परिच्छेदाला कंटाळली तर मला पुन्हा पत्र पाठवा, आपण दुसऱ्या शाखांचा विचार करू.