सहीसाठी कंपनीच्या गेटवर थांबू नका

तुमचं म्हणणं असं की कुपवाड एमआयडीसीत चार वर्षं सात महिने नोकरी केली, ती सोडून साडेतीन वर्षं झाली, आता विट्याला स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. आणि कंपनी म्हणते, नोटिशीच्या मुदतीचा पगार भरा, मगच पीएफच्या फॉर्मवर सही. त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी बारा वर्षं टाइम ऑफिसला काढली, त्यामुळे हा डाव आतून माहीत आहे. नोटिशीचा हिशोब वेगळा, पीएफ वेगळा. पीएफच्या १९५२ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे सभासदाच्या कर्जापोटी या पैशावर कोर्टाचीसुद्धा जप्ती येत नाही, तिथे मालकाचं काय चालणार?

आणि सही लागतेच कुठे? यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, आधार, पॅन, बँक खातं जोडलेलं असलं की दावा मालकाला वगळून थेट पीएफ ऑफिसला जातो. अडतं ते नोकरी सोडल्याच्या तारखेपाशी. २०२० पासून तीही आपल्याला टाकता येते, पीएफच्या पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'. शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटलेले हवेत, आणि तो भरणा ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली तारीख टाकायची. एकदा टाकली की तिथे बदलता येत नाही, म्हणून आधी पीएफचं पासबुक उघडा.

खरी मेख असते नावात नाहीतर जन्मतारखेत. माझंच सांगतो. शाळेत गुरुजींनी १ जून लावली, आधारवर तीच आली. नोकरीला लागताना मात्र आईनं सांगितलेली खरी तारीख लिहून बसलो. आधार जुळेचना. यूएएन जुना, त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज कंपनीकडे गेला आणि तिथेच बसला. तीन महिने फोनवर एकच उत्तर, "साहेब बाहेर आहेत." शेवटी ईपीएफआयजीएमएसवर, म्हणजे पीएफच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार टाकली आणि मिरजेहून पॅसेंजरनं कोल्हापूरचं ऑफिस गाठलं. शाळेचा दाखला लॅमिनेट केलेला. झेरॉक्सवर चकाकीचा पांढरा पट्टा नेमका तारखेवर. बाहेर जाऊन चार झेरॉक्स काढल्या तेव्हा एक वाचता आली. ऑफिसचं पत्र कंपनीत पोचलं आणि बाहेर गेलेले साहेब लगेच आत आले!

तुमच्या हिशोबानं यूएएन २०१७ च्या शेवटचा दिसतो. तो १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल, तर हा व्याप तुमच्या नशिबी नाही. जानेवारी २०२५ पासून अशांना नाव, जन्मतारीख स्वतः दुरुस्त करता येते. आधारचा मोबाईल नंबर तेवढा चालू ठेवा, सगळं ओटीपीवर आहे.

मग पीएफ काढायचा फॉर्म १९ भरा, आणि पेन्शनच्या पैशाचा फॉर्म १०सी विसरू नका. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, ते १०सी शिवाय निघत नाहीत. लोक १९ भरून मोकळे होतात. नोकरीची पाच वर्षं पुरी नसल्यामुळे रक्कम ५०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस कापतील, पॅन जोडलेलं नसेल तर आणखी. एजंटाला टक्केवारी देऊ नका, तो हेच पोर्टल उघडतो.

दावा अडकला तर तक्रार टाका, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्यात 'निधी आपके निकट'चा कँप लावतात तिथे कागद घेऊन जा. आपल्याकडेही असतो.

एक शंका मात्र आहे. इतका अडेलपणा करणाऱ्या कंपनीनं शेवटचे महिने भरलेच नसतील तर? पगारातून कापून भरलं नसेल तर तो गुन्हा आहे, आणि त्या तक्रारीला पगाराच्या स्लिपा लागतील. पासबुकात शेवटचा महिना कुठला दिसतो ते बघून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.