नव्या आशाताईला

अगं, 'लस का नाही दिली?' असं दारातच विचारू नकोस. आई बहुतेक तयार असते, अडतं सासूपाशी. दीड महिन्याच्या पेंटानंतर (पाच आजारांवरची एकच लस) पोर रात्रभर तापलं, मांडी सुजली, की अडीच महिन्यांच्या डोसाला दार बंद. म्हणून ताप येऊ शकतो हे आधीच सांग, तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरकडून आईला दाखवून घे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कर मारच. त्या एका चकरेनं माझी निम्मी भांडणं मिटली. (सुईच्या जागी हळद-तेल चोळू देऊ नकोस.)

ऊसतोडीला निघालेल्यांच्या पोरांचं लसीचं कार्ड आधी बघ. 9 महिन्यांची गोवर-रुबेलाची लस पुष्कळदा फडावर असतानाच येते. कार्ड इथं पत्र्याच्या पेटीत राहिलं तर तिकडची सिस्टर काय बघून टोचणार? बापाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून दे.